फॅमिली रूम

रविवारी संध्याकाळी होस्टेलची मेस बंद असते.
शंभराची नोट चारदा घडी घालून
मी देवपुरातून निघते, पांझरेच्या पुलावरून,
पाणी असलं तर पाण्याकडे, नसलं तर वाळूकडे बघत,
पलीकडे, जिथे मिरचीची फोडणी रस्त्यावर येऊन
येणाऱ्याजाणाऱ्याला ठसका लावते
आणि पाटीवर लिहिलंय:
शेवभाजी. दालफ्राय. फॅमिली रूम.

पहिल्यांदा गेले तेव्हा आधारभाऊने विचारलं,
"संगे कोन शे?"
कोणी नाही म्हटल्यावर त्याने फडकं
या खांद्यावरून त्या खांद्यावर नेलं,
मालकाकडे पाहिलं, मालकाने पंख्याकडे.
मग हिरवा पडदा बाजूला सारला
आणि भट्टीकडे तोंड करून ओरडला,
"फॅमिलीत एक हाफ शेव!"

तेव्हापासून मी फॅमिली.
चार खुर्च्या, त्यातल्या एकीवर मी,
एकीवर कांद्याची गोणी, तोंड शिवलेली,
उरलेल्या दोघी भिंतीला पाय लावून उलट्या.
पडद्याला बिडीने पडलेलं भोक आहे,
डोळा लावला की अख्खं हॉटेल दिसतं:
आमच्या सिव्हिलची पोरं, राजधर, किशोऱ्या, तो लांब मानेचा,
टेबलभर कोपरं पसरून बसलेली,
लिंबू पिळायलाही पाच मिनिटं घेतात.

मला घाई असते, ती शेवेमुळे.
सिमेंटचा सेटिंग टाइम आम्हाला पाठ करायला लावतात,
शेवेचा कुठल्याच पुस्तकात नाही.
तो मी काढलाय, चार रविवार घालवून:
रश्शात पडल्यापासून तीन मिनिटं.
त्याच्या आत कुरकुर, त्याच्यानंतर चिखल.
कळण्याची भाकरी मोडून मी तुटून पडते,
नाक वाहतं, कान तापतात,
आणि पडद्याच्या फटीतून
फक्त एक हात आत येतो, पळीसकट:
"आखो जोयजे का?"
दुसऱ्यांदा रस्सा फुकट. तिसऱ्यांदाही, मालक गल्ल्यावर नसेल तर.

मध्ये हर्षालीच्या वाढदिवसाला
नव्या कॅफेत गेलो होतो, काचेच्या.
पडदा नाही, संगे कोण ते कोणी विचारलं नाही,
मुली पाय वर घेऊन बसल्या होत्या, मीही बसले.
कोल्ड कॉफी एकशे चाळीस,
म्हणजे दोन हाफ शेव आणि एक भाकरी,
हे मी मनात केलं, तोंडावर येऊ दिलं नाही.
ती कॉफी मी दीड तास पुरवली.
बर्फ विरघळून तळाशी पाणी झालं तरी
पळी काही आली नाही.
छान होतं तसं. फोटोत मी हसतेय.

आणि हा परवाचा रविवार.
फॅमिली रूममध्ये खरीच फॅमिली,
शिरपूरकडची, रडतं पोर, तीन पिशव्या, एक म्हातारबा.
मी दारातच वळणार होते.
आधारभाऊने फडकं खांद्यावरून काढलं,
चार नंबरचं टेबल पुसलं,
पुसलं होतं तरी पुन्हा पुसलं,
आणि ओरडला,
"चार नंबरले एक हाफ शेव!"

एवढंच.
हॉटेल थांबलं नाही, पंखासुद्धा.
शेजारच्या टेबलावर राजधरने कोपर आत घेतलं
आणि लिंबाची वाटी सरकवली, माझ्याकडे न बघता.
मी मात्र बघत बसले: फिरणारी ताटं,
भिंतीवरचं बारा महिने जुनं कॅलेंडर,
पडद्याचं भोक, बाहेरून केवढंसं दिसतं ते,
त्याच्यामागे त्या पोराचा एक डोळा.
शेवेचा चिखल झाला.
तोही खाल्ला.

पुलावर आईचा फोन.
"काय खादं वं?"
भाजी, म्हटलं.
"कसानी?"
बोटांना अजून तेलाचा वास होता.
"चार नंबरनी."
"हाई कोनती भाजी वं माय?"
मागून ट्रक आला,
तो जाईपर्यंत मला काही बोलावं लागलं नाही.